मदत हवी आहे: प्रागमध्ये एकटीने शुक्रवार ते रविवार

अनवट:
सप्टेंबरच्या मध्यात व्हिएन्नाहून रेल्वेने शुक्रवारी दुपारी १२ च्या सुमारास प्रागला पोचेन. परतीचं विमान रविवारी रात्री, दोहामार्गे मुंबई. हॉटेल मालोस्त्रान्स्का मेट्रो स्टेशनजवळ आहे. शनिवारी ज्यू वस्ती, रविवारी सकाळी किल्ला, मधल्या वेळात चार्ल्स पूल आणि जुनं घड्याळ असं ठरवलंय. तिकीट कोणतं काढू? पैसे कुठे बदलू? शाकाहारी आहे, अंडं चालतं.

गारगोटी:
आधी वार बदला, दोन्ही नेमके चुकलेत. ज्यू वस्तीतल्या ज्यू संग्रहालयाची सगळी ठिकाणं शनिवारी बंद असतात. किल्ल्यातलं सेंट व्हिटस कॅथेड्रल रविवारी सकाळी प्रार्थनेमुळे पर्यटकांना दुपारपर्यंत बंद. म्हणजे शुक्रवारी सामान टाकून लगेच ज्यू वस्ती, शनिवारी सकाळी किल्ला. सप्टेंबरात ज्यूंचे मोठे सण येतात, तेव्हाही संग्रहालय बंद असतं. तारखा आजच बघून घ्या.

तिथल्या पिंकास सिनेगॉगला (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) तरी घाई करू नका. लांबून भिंतींना बारीक नक्षी काढल्यासारखी वाटते, जवळ गेलं की ती अक्षरं आहेत हे कळतं: नाझी काळात मारल्या गेलेल्या सुमारे ७८ हजार ज्यूंची नावं, जन्मतारखांसकट, हाताने लिहिलेली. शेजारच्या दफनभूमीत जागा संपली तसे मातीचे थर चढवत गेले, त्यामुळे थडग्यांचे दगड एकमेकांवर रेललेत.

रूळवाट:
तिकीट ७२ तासांचं एकच काढा, रविवार रात्रीपर्यंत पुरतं. मेट्रो, ट्राम, बस सगळ्यांत चालतं, विमानतळाच्या ट्रॉलीबसलाही. कागदी तिकीट पहिल्या प्रवासाआधी पिवळ्या यंत्रात घालून शिक्का मारायचा, एकदाच. शिक्का नसेल तर तिकीट खिशात असूनही दंड होतो. दुसऱ्यांदा मारला तर तिकीट बाद.

मुख्य स्टेशनवरून मेट्रोच्या लाल सी लाइनने एक स्टेशन, म्यूझेउम. तिथे हिरवी ए लाइन, तिसरं स्टेशन मालोस्त्रान्स्का. पुढे दगडी फरसबंदी आहे, बॅगेची छोटी चाकं फटींत अडकतात. शक्यतो पाठीवरची सॅक आणा.

किल्ल्यासाठी २२ नंबरची ट्राम. बहुतेक लोक ‘प्राझ्स्की ह्राद’ला उतरतात, तुम्ही पुढे पोहोर्झेलेत्सला उतरा, म्हणजे सगळी वाट उताराची. इमारती ९ ला उघडतात, साडेआठला रांगेत असा. आधी कॅथेड्रल, शेवटी किल्ल्यातलीच सोनेरी गल्ली. तिथून पूर्वेच्या दाराने बाहेर पडून पायऱ्या उतरलात की थेट तुमच्या मेट्रो स्टेशनशी.

रविवारी त्याच हिरव्या लाइनने चौथं स्टेशन नाद्राझी वेलेस्लाव्हीन, मग ५९ नंबरची ट्रॉलीबस. दोहाचं विमान म्हणजे टर्मिनल १. टर्मिनल २ शेंगेन देशांतल्या (एकाच व्हिसावर फिरता येतात ते युरोपीय देश) उड्डाणांसाठी आहे.

तिखटमीठ:
चलन कोरुना. कार्ड जवळपास सगळीकडे चालतं. एटीएमने ‘रुपयांत रूपांतर करू का’ विचारलं तर नाही म्हणा, तो दर फार वाईट असतो. नोटा बदलल्याच तर हातात किती कोरुना पडणार हे आधी विचारा. ‘कमिशन नाही’ या पाटीवर जाऊ नका. फसलात तर पावती घेऊन ३ तासांच्या आत त्याच दुकानात व्यवहार रद्द करता येतो, १००० युरोपर्यंत. २०१९ पासून तसा कायदाच आहे. रस्त्यात कोणी नोटा बदलून देतो म्हणाला तर थांबूच नका, रद्द झालेल्या परदेशी नोटा हातात पडतात.

जेवणात ‘स्माझेनी सीर’ मागा: चीजची जाड चकती अंड्यात आणि ब्रेडच्या चुऱ्यात घोळवून तळलेली. सूप बिनमांसाचं दिसलं तरी पाणी बहुधा हाडांचं असतं. ‘बेझ मासा’ म्हणजे मांसाशिवाय. आपल्या माशाशी त्याचा संबंध नाही, मासा नको हे वेगळं सांगा.

अनवट:
वार बदलले. घड्याळ आणि पूल कधी?

गारगोटी:
पूल रविवारी सूर्योदयाला, साडेसहाच्या सुमारास. ९ नंतर गर्दीत पुतळे नीट दिसत नाहीत. घड्याळ १४१० चं. तासाच्या ठोक्याला वरच्या खिडक्यांतून प्रेषितांच्या (येशूच्या शिष्यांच्या) मूर्ती फिरतात, सगळे मान वर करतात, आणि खिसे तेव्हाच कापले जातात. सॅक पोटावर घ्या. ठोक्यानंतर गर्दी पांगली की तबकडी बघा: सर्वांत बाहेरच्या कड्यावरचे १ ते २४ आकडे जुन्या बोहेमियन (म्हणजे चेक) वेळेचे आहेत, ती सूर्यास्तापासून मोजतात. सूर्यास्ताची वेळ रोज सरकते, म्हणून ते कडंही सरकतं.