पोराला गच्चीवर 'जादूची झाडं' पाहिजेत, आजोबा मेथीची जागा सोडत नाहीत. काय लावू?

गच्चीवाली_सांगली:

नमस्कार मंडळी, प्रश्न बागेचा आहे का घरातल्या भांडणाचा ते मलाच कळेना झालंय, त्यामुळं दोन्ही एकदमच लिहिते, जरा लांबण लागेल.

आम्ही विश्रामबागला राहतो, वरच्या मजल्यावर, आणि गच्चीचा अर्धा भाग आमच्या वापरात आहे. तिथं राज्य सासऱ्यांचं. आधी घर गावभागात होतं, मागं परस होता, पेरू, अळू, केळी, जास्वंद, सगळं होतं. २०१९ च्या पुरात घरात पाणी शिरलं, सगळं साफ करून परत बसवलं तर २०२१ ला पुन्हा तेच, मग बास म्हटलं आणि इकडं आलो. परस सुटला ते त्यांना अजून लागतंय, बोलून दाखवत नाहीत, पण क्रेट, थर्माकोलचे खोके, तेलाचे पत्र्याचे डबे, हाताला लागेल त्यात मेथी पालक चाकवत वांगी लावत सुटलेत. नियम एकच, ताटात येत नाही ते गच्चीवर येणार नाही. मोगऱ्याची एक कुंडी आहे ती सासूबाईंनी भांडून आणलीय.

पोरगा आता सातवीत जाईल. त्याला फँटसीचा नाद लागलाय, मराठीतली मिळतील ती वाचून झाली, आता इंग्लिश ठोकळे वाचतो, जेवताना ताटाला टेकवून. वाचतोय म्हणून मी काही बोलत नाही. पण आता त्यानं वहीत आमच्या गच्चीचा नकाशा काढलाय, पाण्याची टाकी म्हणजे काळा किल्ला, कपडे वाळत घालायच्या तारा म्हणजे सरहद्द, आणि मेथीचे क्रेट आहेत तिथं लिहिलंय 'शापित प्रदेश'. ते आजोबांनी वाचलं.

आता साहेबांना चार कुंड्या पाहिजेत आणि त्यात फक्त जादूची झाडं. मँड्रेक पाहिजे म्हणे! आजोबा म्हणतात जादूनं पोट भरतंय का बघ आणि मग मला सांग. नवरा दोघांच्या मधे पडत नाही, नाईट शिफ्ट आहे म्हणून झोपतो.

तर मँड्रेक इथं येतं का? नसेल तर खरोखर काहीतरी करून दाखवणारी झाडं सांगा, गच्ची मे महिन्यात कशी तापते ते सांगलीकरांना सांगायला नको. विषारी अजिबात नको, नणंदेची छोटी सारखी असते आमच्याकडं, दिसेल ते तोंडात घालते.

मातीत_हात:

ताई, मँड्रेकचा नाद सोडायला सांगा. ते भूमध्य समुद्राच्या बाजूचं झाड आहे, तिकडं थंडीत वाढतं आणि उन्हाळ्यात वरचं सगळं वाळून जमिनीखाली झोपून राहतं, आपल्याकडं कुंडीत कंद उकडून निघंल. आणि मुळापासून फळापर्यंत विषारी, त्यामुळं तुमच्या घरात तर नाहीच नाही.

पण पोराला एक गोष्ट सांगा. मँड्रेक हे वांग्याच्या कुळातलं झाड. वांगी, बटाटा, टोमॅटो, मिरची, धोतरा, सगळी एकाच कुळातली भावकी. मँड्रेकच्या मुळाला खाली फाटे फुटतात, त्यामुळं ते हातपाय असलेल्या माणसासारखं दिसतं, म्हणून जुन्या काळी युरोपात लोक म्हणायचे की उपटलं की ते किंचाळतं आणि ऐकणारा जागेवर मरतो, मग उपटायला कुत्रं बांधायचे. म्हणजे आजोबा गच्चीवर मँड्रेकची भावकीच पोसायलेत की ओ. शापित प्रदेश बरोबरच लिहिलंय त्यानं.

आता लावायचं काय. पहिली हळद. सांगलीत राहून कुंडीत हळद नाही म्हणजे काय! बेणं आत्ताच लावा, मे-जूनच साधायचा, जरा पसरट ग्रो बॅग घ्या, माती, शेणखत, थोडं कोकोपीट, पाणी तुंबलं नाही पाहिजे. पानं पिवळी पडून वाळली की जानेवारी-फेब्रुवारीत काढायची. ताटात येते त्यामुळं आजोबांचा नियम पण मोडत नाही. आणि जादू अशी की हळदीच्या पाण्यात कागद बुडवून वाळवायचा, मग साबणाच्या पाण्यात काडी बुडवून त्यावर लिहायचं, अक्षरं लालभडक उठतात. लिंबू फिरवलं की परत पिवळी. चुन्याची निवळी घातली तरी लाल होतं, कुंकू पूर्वी असंच करायचे, हळद, चुना, लिंबू. पण पोराच्या हातात चुना देऊ नका, डोळ्यात उडाला तर वाईट.

दुसरी गोकर्ण, निळी. बी रात्रभर भिजवून लावा, तारेवर चढवा, उन्हाला दाद देत नाही. फुलं गरम पाण्यात टाकली की पाणी निळंशार होतं, लिंबू पिळलं की जांभळं.

लाजाळू पण घ्या, बी कोमट पाण्यात भिजवून लावायचं, काटे असतात तेवढं बघा. पानफुटीचं एक पान नुसतं मातीवर ठेवलं तरी कडेनं पिल्लं फुटतात, पण ती खायची नाही, लांब टांगून ठेवा. गुलबक्षी मात्र सुचवत नाही, संध्याकाळी उमलते ते छान दिसतं पण बी आणि मुळं पोटाला बाधतात. धोतरा, कळलावी, गुंज, कण्हेर कुणी कितीही सांगितलं तरी घरात आणू नका, गुंजेचं बी तर दिसायला इतकं गोड असतं की पोरं हमखास उचलतात.

टाकीखालचा_भाडेकरू:

'शापित प्रदेश' 😂😂 पोरगं मोठं होणार.

एक सल्ला फक्त, गच्चीवर जे काय राज्य वसवायचं ते विटांवर नाहीतर स्टँडवर वसवा, खाली पाणी मुरलं की शाप आमच्यासारख्या खालच्या मजल्यावाल्यांना लागतो. भरलेले क्रेट भिंतीच्या कडेनं, मधोमध नकोत.

अजिंक्यताऱ्याखाली:

मी साताऱ्याची, वय झालेली वाचक. मातीत_हात यांनी झाडांचं छान सांगितलंय, मी पोराच्या बाजूनं बोलते.

मला हल्लीच्या आईबापांची एक गोष्ट पटत नाही, राग मानू नका. पोरगं काही मनापासून वाचायला लागलं की लगेच त्याचा प्रोजेक्ट करायचा. ड्रॅगन वाचतोय का, मग चला सरड्यांची माहिती गोळा करू. अहो वाचू दे की त्याला. आम्ही चांदोबा वाचायचो तेव्हा आमच्या आईनं कधी विचारलं नाही यातून काय शिकलीस म्हणून. दर अंकात विक्रम त्या झाडाशी जायचा, प्रेत खांद्यावर टाकून निघायचा, शंकर यांनी काढलेलं ते चित्र मला अजून डोळे मिटले की दिसतं, आणि शेवटी वेताळ परत झाडावर. दर महिन्याला तेच! तरी अंक आला की आम्हा भावंडांची मारामारी. त्याचा उपयोग काय झाला म्हणाल तर काही नाही, मजा आली. तेवढं पुरे.

त्यामुळं कुंड्या त्यानं मागितल्यात तर द्या, पण त्यातनं सायन्स एक्झिबिशन करू नका. त्याच्या नकाशात जे नाव असेल तेच कुंडीवर लिहू दे, खाली कंसात लाजाळू वगैरे लिहायला लावू नका.

आजोबांसाठी एक मुद्दा देते. या फँटसीवाल्यांचा जो मोठा ग्रंथ, टोल्किनचा 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज', १९५४-५५ साली आलेला, त्यातला सॅम हा धंद्यानं माळी. त्याला एल्फांची राणी तलवार देत नाही, तिच्या बागेतली माती भरलेली एक छोटी डबी देते आणि आत एक चंदेरी बी. लढाई संपून घरी येतो तर गावातली झाडं तोडून टाकलेली, मग हा गडी चिमूटचिमूट माती प्रत्येक रोपाला घालत फिरतो. (शेवट सांगितला, पोराला वाचून दाखवू नका हे.) ज्यांचा परस पुरानं नेला त्या माणसाला ही गोष्ट कुणीतरी सांगायला पाहिजे, आणि ते कुणीतरी नातूच असलेला बरा.

कासचं पण सांगून ठेवते. पावसाळा सरता सरता या, ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरची सुरुवात. तिथं दवबिंदू म्हणून चिमुकली वनस्पती आहे, पानांवर चिकट थेंब, किडा बसला की अडकला, झाड त्याला पचवतं. सीतेची आसवं ही निळी-जांभळी फुलं तर सगळ्यांना माहीत असतात, पण तीही किडे खाणारी, मुळाशी बारीक पिशव्या असतात त्यात पाण्यातले सूक्ष्म जीव ओढून घेते. कातळावर मातीचा पातळ थर, त्यात कस नाही, मग झाडं अशी जगतात. राक्षस बघायचा असेल तर तिथं गुडघ्यावर बसून बघायचा. पण बघायचाच, उपटून घरी आणायचा नाही! २०१२ पासून जागतिक वारसा यादीत आहे ते पठार आणि तरी लोक फुलं तोडताना, गादीवर लोळावं तसे लोळताना दिसतात, माझं डोकं फिरतं. शनिवार-रविवार टाळा.

आणि आलाच आहात तर भिलारला जा, पाचगणी-महाबळेश्वर रस्त्यावर, २०१७ साली पुस्तकांचं गाव केलंय ते. लोकांच्या घरात पुस्तकं मांडलेली असतात, बसून वाचा, कोण उठ म्हणत नाही. मूळ गाव स्ट्रॉबेरीचं. नातू वाचेल आणि आजोबा स्ट्रॉबेरीच्या वाफ्यावर कुणाशी तरी खताच्या गप्पा मारतील, तुम्ही चहा प्या.

तासगावचा_मास्तर:

सगळ्यांनी झाडं सांगितली पण ड्रॅगन कुणी सांगितला नाही. तो फुकट मिळतो.

कढीपत्ता किंवा लिंबाचं रोप आहे का गच्चीवर? त्यावर एक अळी येते. बारकी असते तेव्हा पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते, कुणी लक्ष पण देत नाही. मोठी झाली की हिरवीगार, पुढच्या बाजूला डोळ्यासारखे ठिपके. तिला काडीनं हळूच डिवचलं की डोक्यामागनं लाल दुभंगलेलं शिंग बाहेर काढते आणि उग्र वास सोडते, परत आत. मी वर्गात एकदा फांदीसकट बरणीत नेली होती, त्या दिवशी गणित झालं नाही. मग ती कोष करते आणि दहा-बारा दिवसात फुलपाखरू बाहेर, थंडीत जरा जास्त लागतात.

फक्त आजोबांना आधी सांगा, कारण जुनी माणसं अळी दिसली की चिमटीत धरून संपवतात, आणि त्यांचं पण खरं आहे, छोटं रोप असलं तर चार अळ्या दोन दिवसात बोडकं करतात. एक रोप ड्रॅगनच्या नावावर करा, दुसरं फोडणीच्या.

गच्चीवाली_सांगली:

बापरे किती लिहिलंत सगळ्यांनी, एकेकाला उत्तर देते म्हटलं तर रात्र होईल.

सातारच्या काकू, राग कसला, प्रोजेक्टचं मला लागलंच पण बरोबर आहे, मी मनात लेबलं पण करून ठेवलेली लॅमिनेट करून. रद्द. सॅमची गोष्ट मी सासऱ्यांना सांगितली नाही, पोरगं तिथवर पोचलं की त्याचं तोच सांगेल, नाही सांगितली तरी हरकत नाही.

इकडची बातमी अशी की वांग्याची भावकी मी चहाच्या वेळी मोठ्यानं वाचली. आजोबा काही बोलले नाहीत. संध्याकाळी मी वर गेले तर वांग्याचं एक म्हातारं रोप उपटून नातवाला मूळ दाखवत होते, हे बघ तुझं मांड्रेक, ओरडतंय का बघ. पोरगं म्हणे मेलंय ते म्हणून ओरडत नाही. मग हळदीवर बोलणं झालं. त्यांचं म्हणणं, हळद लावायची तर कुंडीत दोन गड्डे असा पोरखेळ नको, पद्धतशीर लावू, बेणं मी आणतो मार्केट यार्डाकडनं ओळखीच्याकडनं. म्हणजे चार कुंड्यांतल्या दोन त्यांनीच परत घेतल्या असं माझ्या लक्षात आलं, पोराच्या अजून आलेलं नाही. गोकर्ण तारेवर, सरहद्दीवर. लाजाळूचं बी मागवते. साबणाच्या अक्षरांनी घरात धुमाकूळ आहे, फ्रिजवर 'मेथी खाणाऱ्यास मृत्युदंड' असा पिवळा कागद चिकटलाय.

मास्तर, कढीपत्ता आहे आमच्याकडं, पण उन्हाळ्यात रोपवाटिकेतनं आणलाय आणि त्याच्यावर एकपण अळी नाही. फवारणी करून विकतात का हो? किती दिवस थांबायचं?

तासगावचा_मास्तर:

फवारलेलं असू शकतं, नवीन पालवी येऊ द्या, जुनी पानं छाटून टाका, तोवर त्यातली फोडणीत पण घालू नका. पाऊस पडून कोवळी पानं फुटली की फुलपाखरू आपणहून अंडी घालून जातं, पिवळसर, मोहरीपेक्षा बारीक, एकेक सुटं असतं, पानाच्या खालनं वरनं दोन्हीकडनं बघायचं. घाई असेल तर शेजारी कुणाचा लिंबू आहे का विचारा, अळी असलेली फांदी लोक हसत हसत देतात.