कमरखाची (स्टार फ्रूटची) पानं पिवळी पडतात त्याबद्दल
दादा, तुम्ही म्हणता कमरखाची नवी पानं पिवळी पडून राह्यली म्हणून रोज पाइप लावून ठेवता, तर ते आधी बंद करा. आपल्या काळ्या मातीत चुनखडी असली की झाडाले लोह भेटतच नाही, शिरा हिरव्या अन् मधातला भाग पिवळा दिसते का पाहा, तसं असंल तर चिलेटेड आयर्नची (झाडाले सहज घेता येते अशा लोहाची) फवारणी मारा अन् बुडाशी शेणखत टाका. उन्हाळ्यात गरम वारा या झाडाले सोसत नाही, पश्चिमेकडून हिरवी नेट बांधा, आळ्यात तुरीचं कुटार पसरवा. बियाचं झाड असंल तर फळ बहुतेक आंबटच निघते, मग चटणी करा, मस्त लागते. अन् हो, घरात कोणाले किडनीचा त्रास असंल तर त्याले एक फोडही देऊ नका, हे मजाक नाही.