मदत हवी आहे: प्रोपिऑनिक अ‍ॅसिडेमियावाल्या मुलाला रात्री ताप आला की कॅज्युअल्टीत वेळ जातो, तुम्ही काय करता?

नमस्कार मंडळी. आम्ही बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातले, मी बेळगावात उद्यमबागेत फौंड्रीत कामाला आहे. मुलगा अडीच वर्षांचा, त्याला प्रोपिऑनिक अ‍ॅसिडेमिया आहे, म्हणजे प्रोटीन नीट न पचण्याचा जन्मजात आजार. ज्यांच्या घरात असलं मेटाबॉलिक आजाराचं लेकरू आहे त्यांनी प्लीज उत्तर द्या, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

ह्याच्या आधी आम्हाला मुलगी झाली होती. तीन किलोची, जन्मल्याबरोबर खणखणीत रडली, दूध प्यायली. चौथ्या दिवशी दूध ओढायचं बंद, अंग सैल पडलं, श्वास जोरजोरात चालायला लागला. रक्तात इन्फेक्शन झालंय म्हणाले, पेटीत ठेवली, अँटिबायोटिक दिली, सातव्या दिवशी गेली. रक्तातला अमोनिया कुणी बघितलाच नाही. लक्षणं सेप्सिससारखीच, म्हणजे रक्तातल्या इन्फेक्शनसारखीच दिसतात हे आता समजतंय, पण बायको माझ्या सख्ख्या मामाची मुलगी आहे हे तेव्हा एकानं तरी विचारायला हवं होतं, आमच्याकडं तर घरोघरी अशी लग्नं आहेत. दोघंही कॅरियर, म्हणजे स्वतःला आजार नाही पण दोष अंगात, त्यामुळं दर खेपेला मुलाला आजार व्हायचा चारात एक चान्स. मुलाच्या वेळी एका डॉक्टर मॅडमनी मुलीचं सगळं ऐकून घेतलं आणि तिसऱ्याच दिवशी ह्या आजारांच्या तपासण्या, रक्ताची टीएमएस आणि लघवीची जीसीएमएस, पाठवली म्हणून हा हाताला लागला.

घरात सगळं ठीक चाललंय. भात, दूध काट्यावर मोजून, स्पेशल पावडर, कार्निटीनचं औषध, बायको एक ग्रॅम इकडचं तिकडं होऊ देत नाही. पण ताप आला, दोन उलट्या झाल्या, पोटात काही ठरलं नाही की शरीर आपलंच प्रोटीन मोडायला लागतं, ते ह्याला पचत नाही आणि अमोनिया चढतो, मग मेंदूला सूज. अशा मुलांना त्या पहिल्या काही तासांतच सगळ्यात जास्त धोका असतो, आणि आमचे ते तास कॅज्युअल्टीत जातात.

श्रावणात असंच झालं. धो धो पाऊस, रात्री दोनला पोचलो, ड्युटीवर नवीन डॉक्टर. शुगर ९२ आली, तर म्हणाले नॉर्मल आहे की, डेक्स्ट्रोज (साखरेची सलाईन) कशाला, आणि साधी सलाईन लावली. मी हात जोडून सांगतोय की हे शुगरसाठी नाही ओ, शरीराला ताकद मिळाली की ते प्रोटीन मोडायचं थांबतं, पण फौंड्रीतल्या माणसाचं कोण ऐकणार. अडीच तास गेले. अमोनियाचं रक्त दंड घट्ट न बांधता घ्यायचं, बर्फात ठेवून लगेच लॅबला पोचवायचं असतं, आणि तिथं बर्फच नाही. पहाटे बाहेर मासळीचा टेम्पो उभा होता, त्याच्याकडनं टिफिनच्या डब्यात बर्फ मागून आणला, त्यात ट्यूब उभी धरून मीच लॅबपर्यंत पळालो. ३१० आला, नॉर्मल ५० च्या आत असतो. त्यानंतर मग सगळे धावले, १० टक्के डेक्स्ट्रोज, कार्निटीन, अमोनिया उतरवायचं सोडियम बेन्झोएट, डायलिसिसची तयारीपण करून ठेवली, ती लागली नाही. तिसऱ्या दिवशी डोळे उघडून पेज मागितली त्यानं.

तर विचारायचं हे की दारातच डेक्स्ट्रोज चालू व्हावं म्हणून तुम्ही काय करून ठेवलंय? कुणाकडं इमर्जन्सी लेटर आहे का, त्यात काय लिहून घेतलं, ड्युटी डॉक्टर ते मानतात का? आणि उलट्या सुरू झाल्यावर किती वेळ घरी थांबता?

अपडेट: सगळ्यांचे आभार, रात्री बसून एकेक उत्तर बायकोला वाचून दाखवलं. निपाणीच्या ताईंनी सांगितलं तसं मॅडमकडनं लेटरहेडवर लिहून घेतलंय, पहिलीच ओळ मोठ्या अक्षरात, शुगर नॉर्मल असली तरी डेक्स्ट्रोज ताबडतोब चालू करा, अमोनियाच्या रिपोर्टसाठी थांबू नका. खाली मुलाच्या वजनाप्रमाणं डोस, आणि फिट आली तर व्हॅल्प्रोएट हे फिटचं औषध देऊ नका हेपण. लॅमिनेट करून एक प्रत बायकोच्या पर्समध्ये, एक माझ्या गाडीत. सिस्टर लोकांसाठी कन्नडमध्येपण करून घेतोय, बायकोला कन्नड येत नाही आणि रात्री माझी शिफ्ट असली तर ती एकटीच असते.

एक राहिलंच. २०२१ च्या रेअर डिसीज पॉलिसीत ह्या आजाराचं नाव आहे, ५० लाखांपर्यंत मदत मिळते, पण ती सेंटर ऑफ एक्सलन्समध्ये, म्हणजे सरकारनं त्यासाठी ठरवलेल्या हॉस्पिटलात, नाव नोंदवल्यावरच. आम्हाला एक बेंगळुरूचं आणि दुसरं मुंबईचं केईएम हॉस्पिटल. बेंगळुरू पाचशे किलोमीटर, तिथं आमचं कुणी नाही, मुंबईत बहीण आहे लालबागला, केईएम तिला चालत. आधार, रेशनकार्ड सगळं कर्नाटकचं असताना सीमाभागातल्या कुणी केईएमला नाव नोंदवलंय का? कुठले कागद मागितले तेवढं सांगा, पुढच्या सोमवारी रजा टाकलीय.