विणायला वेळ कधी? माझं असं चालतं

मुलं दिवसभर घरीच, शिकवायचंही आपणच, मग विणायला वेळ कुठून आणता असं विचारलंयस, तर वेगळा वेळ मिळत नाहीच गं, म्हणून मी कायम दोन कामं चालू ठेवते. एक डोकं न लावता होणारं, नुसते सुलटे टाके, ते मुलगी मोठ्याने वाचत असताना किंवा धाकटा पाढे म्हणताना हातात असतं. दुसरं जाळीच्या नक्षीचं, नक्षीचा चार्ट बघून करायचं, ते मुलं झोपल्याशिवाय पिशवीतून काढायचंच नाही. दिवसा शक्यतो क्रोशेच (आकडीच्या सुईने विणणं) बरं, त्यात सुटू शकेल असा एकच टाका उघडा असतो, मध्येच उठावं लागलं तर त्यात सेफ्टी पिन अडकवली की झालं. दोन सुयांच्या विणकामात सुईवरची अख्खी ओळ कुणी ओढली तर मात्र संपलंच! जाळीत दर १०-१२ ओळींनी टाक्यांमधून वेगळ्या रंगाचा गुळगुळीत दोरा ओवून ठेव, उसवायची वेळ आली तरी तिथेच थांबतं. (घरचे 'परत लोकर?' म्हणतात, ते कानाआड करायचं.) १० सेमीत २२ टाके तर ४५ सेमीला किती, असं मुलीला विचारते कधीतरी, पण दरवेळी त्याचा धडा करू नये, मुलं वैतागतात आणि आपणही.