रात्री दुधात तूप: आजीचा इलाज खरंच लागू पडतो का?

उदगीरकर: पोट साफ नसलं की आमची आजी रात्री गरम दुधात चमचाभर साजूक तूप घालून पाजायची, सकाळी लेकरू मोकळं. घरी देवणी गाय होती, लोणी कढवताना आजी त्यात विड्याचं पान टाकायची अन् खाली राहिलेल्या बेरीसाठी आमची भांडणं व्हायची. आता बायको म्हणते तुपानं कोलेस्टेरॉल वाढतं, इसबगोल घ्या. मी आजीच्या बाजूनं, तुमचं काय?

भाकरतुकडा: भाऊ, तुमी अर्धीच गोष्ट सांगालाव. आजी दोन टाइम ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, तुरीचं वरण खायची अन् दिवसभर रानात राबायची, पोट त्यानं साफ व्हायचं. तूप म्हणजे जवळपास 100 टक्के चरबी, फायबर शून्य. आपण सकाळी खारी-टोस्ट, दुपारी खुर्ची, अन् रात्री तुपाकडून चमत्कार पाहिजे!

नांदेडची सून: फायबर नाही, मान्य. पण चरबी आतड्यात गेली की पित्ताशय आकसतं, पित्त खाली येतं, वरून कोमट दूध, त्यानं आतडी हलतात की. आणि तुपातलं ब्युटिरिक आम्ल आतड्याला चांगलं म्हणतात ते?

भाकरतुकडा: ताई, ते तुपात असतंच थोडं, 3-4 टक्के, आणि बरंचसं वरच्या आतड्यातच शोषलं जातं. मोठ्या आतड्याला जे लागतं ते तिथले जंतू फायबरपासून स्वतःच बनवतात. म्हणजे फिरून भाकरीवरच आलो.

परभणीचा पाव्हणा: पित्त खाली येतं म्हणालात ना ताई, तेच माझ्या अंगावर आलं. होळीला आईनं पुरणपोळीवर वाटीनं तूप ओतलं, नको म्हणलं तरी ऐकती का ती, आणि रात्री उजव्या बरगडीखाली अशी कळ की घाम फुटला, गॅस समजून ओवा चावत बसलो. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे निघाले. खडेवाल्यांनी हा इलाज लांबूनच बघावा.

नांदेडची सून: वाटीभर तूप म्हणजे इलाज नाही दादा, जावयाचा पाहुणचार झाला तो 😄 एक चमचा म्हणजे 5 ग्रॅम, 45 कॅलरी. तेवढ्यानं धडधाकट माणसाला काय होतंय?

उदगीरकर: बायकोला हे सगळं वाचून दाखवलं. ती म्हणाली घ्या दूध-तूप, पण भाकरी तुमीच थापायच्या. काल पहिलीच काठाला चिरली, दुसरी परातीतून उचलतानाच तुटली, आता तव्यावर तुकडेच भाजालाव.