‘मनी मॉन्स्टर’: चोर सापडला म्हणून प्रश्न संपला का?

खवट:
जोडी फॉस्टरचा २०१६ चा ‘मनी मॉन्स्टर’ परवा पुन्हा पाहिला. शेवटासकट सगळं लिहिणार आहे, तेव्हा ज्यांना अजून पाहायचाय त्यांनी इथूनच मागे फिरावं.

गोष्ट थोडक्यात. ली गेट्स (जॉर्ज क्लूनी) टीव्हीवर शेअर बाजाराचा कार्यक्रम करतो. नाचतो, सोंगं आणतो आणि मधेमधे ‘हा घ्या, तो फुंका’ असं सांगतो. ‘आयबिस’ नावाच्या कंपनीचा शेअर बचत खात्यापेक्षा सुरक्षित आहे असं त्याने एकदा ठणकावून सांगितलेलं असतं. मग आयबिसचे ८० कोटी डॉलर बुडतात आणि कंपनी हात वर करते: अल्गोरिदममध्ये ‘ग्लिच’ आला. काइल बडवेल नावाच्या पोराने आईच्या मागे आलेले ६० हजार डॉलर त्यात घातलेले असतात. तो पार्सलवाला बनून स्टुडिओत घुसतो, लीच्या अंगात स्फोटकांचं जाकीट चढवतो आणि थेट प्रक्षेपणात एकच विचारतो, पैसे गेले कुठे?

इथपर्यंत सिनेमा जबरदस्त आहे. ‘तांत्रिक बिघाड’ हे उत्तर ऐकून गप्प न बसणारा माणूस पडद्यावर पाहायला कोणाला आवडणार नाही? पण नंतर कळतं की बिघाड वगैरे काही नव्हताच. मालक वॉल्ट कँबी याने दक्षिण आफ्रिकेतल्या प्लॅटिनमच्या खाणीवर पैसा लावला होता. कामगार संघटनेला लाच चारायची, संपामुळे शेअर पडला की स्वस्तात उचलायचा, संप मिटला की नफा खिशात, असा बेत. संप मिटलाच नाही आणि डाव उलटला. झालं, खलनायक मिळाला, सिनेमाने सुटकेचा श्वास टाकला.

माझं म्हणणं, इथेच सिनेमाने शेपूट घातलं. ‘पैसे गेले कुठे’ याचं खरं भीतीदायक उत्तर ‘चोराने नेले’ हे नाही. ‘सगळं नियमात होतं आणि तरी गेले’ हे आहे. ते उत्तर द्यायची हिंमत झाली नाही.

आकडेमोड:
सहमत, आणि एक अस्सल उदाहरण देतो. १ ऑगस्ट २०१२, न्यूयॉर्क. नाइट कॅपिटल ही बाजारात मोठी उलाढाल करणारी दलाली कंपनी. नवीन प्रणाली आठ सर्व्हरवर टाकायची होती, सातवर टाकली, आठव्यावर राहून गेली. त्या आठव्यावर कैक वर्षांपूर्वी वापरातून गेलेला एक जुना कोड तसाच पडून होता, आणि नव्या प्रणालीने नेमकी त्याचीच जुनी खूण पुन्हा वापरली. सकाळी बाजार उघडला आणि तो मुडदा उठून बसला. धडाधड ऑर्डरी सुटल्या. साधारण ४५ मिनिटांत ४४ कोटी डॉलरचा खड्डा. बाजार उघडण्याआधी यंत्रणेतून इशाऱ्याचे ई-मेल आपोआप गेले होते, कोणी लक्ष दिलं नाही. पुढे अमेरिकेच्या बाजार नियामकाने १ कोटी २० लाख डॉलरचा दंड ठोठावला. कंपनी दुसऱ्याने गिळली.

यात लाच नाही, खाण नाही, जेटमधून फिरणारा मालक नाही. काइल जाकीट घेऊन इथे गेला असता तर कोणाच्या अंगात घालणार होता? सर्व्हरच्या? असा सिनेमा मला बघायचा होता.

रांग_सातवी:
बघायचा होता तर माहितीपट बघा की साहेब. हा ९८ मिनिटांचा थरारपट आहे. ओलीस धरलेल्या माणसाच्या गोष्टीत समोर कोणीतरी हाडामांसाचा लागतोच. ‘व्यवस्था दोषी आहे’ असं म्हणून पडदा पाडला असता तर तुम्हीच इथे ‘शेवट गुंडाळला’ म्हणून लिहिलं असतं.

आणि कँबीला पकडल्यावर सिनेमा सुटकेचा श्वास टाकतो हे कुठे दिसलं? काइल मरतो. ज्याने स्फोटाचं बटण फेकून दिलं, ज्याच्या जाकिटात खरी स्फोटकं नव्हतीच, त्याला पोलीस गोळी घालतात. तेही फेडरल हॉलमध्ये, म्हणजे जिथे वॉशिंग्टनने १७८९ मध्ये शपथ घेतली त्या जागी. बाहेर बघे जमलेत. बातमी संपते आणि टीव्हीसमोरची माणसं आपापल्या खेळाकडे वळतात. यापेक्षा कडू शेवट अजून काय हवा?

चहाटळ:
क्लूनीचा नाच बघून मला ओलीस धरल्यासारखं वाटलं, ते धरून चालेल का?

खवट:
@रांग_सातवी, माणसं खेळाकडे वळतात ते मला हुशारीचं वाटलं, कडू नाही. दोष परत प्रेक्षकांवर. लोक विसरतात हो, काय करणार! पण लोक विसरतात कारण त्यांना सांगितलं जातं की दोषी पकडला गेलाय, आता घरी जा.

वकिलीण:
दोषी कशासाठी पकडला गेला ते कोणी बघितलं का? शेवटी कँबीवर खटला भरला जातो तो परदेशात लाच दिल्याबद्दल. अमेरिकेचा १९७७ चा कायदा आहे, परदेशी अधिकाऱ्यांना लाच देण्याविरुद्धचा. काइलचे ६० हजार बुडवल्याबद्दल नाही! म्हणजे संप ठरल्याप्रमाणे मिटला असता आणि शेअर चढला असता, तर काइल खूश, ली खूश, गुंतवणूकदार खूश, आणि लाच मात्र तीच. पैसे बुडाले म्हणून चौकशी झाली, चौकशीत लाच सापडली.

खवट, तुम्ही म्हणता ते ‘सगळं नियमात होतं आणि तरी गेले’ हे सिनेमाने सांगितलंच आहे. फक्त भाषण करून सांगितलं नाही. दुसऱ्याचा पैसा एकाच डावावर लावणं हे कँबीला शेवटपर्यंत गैर वाटत नाही. जाकीट त्याच्या अंगावर चढल्यावरच तो ‘चुकलं’ म्हणतो. आता बॉम्ब बांधून काढलेल्या कबुलीला कोणतं न्यायालय भीक घालेल? खटला उभा राहील तो कागदपत्रांवर आणि चित्रफितींवर, काइलच्या जिवावर नाही. हे मला फार थंडपणे आणि नेमकं मांडलेलं वाटलं.

खवट:
लाचेचा मुद्दा चांगला आहे, मान्य. पण तो सिनेमा संपताना बातमीच्या आवाजात एका वाक्यात येऊन जातो. तुम्ही वकील म्हणून तुम्हाला दिसला. दिग्दर्शिकेला तो सांगायचा असता तर क्लूनीच्या नाचाला जितका वेळ दिला त्याच्या निम्मा तरी दिला असता.

फुकटचे_सल्ले:
मला कळत नाही काइलबद्दल एवढा कळवळा का. आईने ठेवलेली सगळी पुंजी एका शेअरमध्ये, टीव्हीवर नाचणाऱ्या माणसाचं ऐकून? आमच्या ओळखीत कोणी असं केलं तर आपण ‘हाव नडली’ म्हणून मोकळे होतो. सेबीने २०२४ मध्ये आकडे दिले, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे बाजारात उतरलेल्या दर १०० किरकोळ लोकांतले ९३ तोट्यात. त्या सगळ्यांनी जाकिटं शिवायला घ्यायची का?

मुक्ता_वाचक:
तुमचं बोलणं सिनेमातच आहे, आणि तुमच्यापेक्षा झणझणीत! पोलीस काइलच्या मैत्रिणीला, मॉलीला, व्हिडिओवर आणतात. पोटुशी आहे, हिला बघून तो विरघळेल असा हिशोब. ती जी सुरू होते... त्याची अक्कल, त्याचा नाकर्तेपणा, बुडवलेले पैसे, जगासमोर सालटं सोलते. पोलीस हतबुद्ध, ली हतबुद्ध. मला अख्ख्या सिनेमात तो प्रसंग सगळ्यात खरा वाटला, कारण पैसा बुडतो तेव्हा पहिला स्फोट घरात होतो.

पण त्यानंतरही काइलबद्दल वाटायचं ते वाटतंच. तो मूर्ख आहे, आणि त्याला फसवलंय. दोन्ही. तुम्हाला एकच का निवडायचंय?

फुकटचे_सल्ले:
निवडायचं नाहीये ताई. मी एवढंच म्हणतोय की नुकसान झालेल्या प्रत्येकाला नायक करू नका. बंदूक त्याच्या हातात होती. स्टुडिओत कॅमेरामन होते, ध्वनिवाले होते, त्यांची काय चूक?

रांग_सातवी:
त्यांच्यासाठी ज्युलिया रॉबर्ट्स आहे ना. पॅटी, कार्यक्रमाची दिग्दर्शिका. कानातल्या यंत्रातून लीला एकेक वाक्य पुरवते, कॅमेरे हलवते, जमतील तितकी माणसं गुपचूप बाहेर काढते, आणि हे सगळं करताना काइलला नीट उजेडात ठेव म्हणून सांगायलाही चुकत नाही. दोन बडे तारे असून बराच वेळ एका चौकटीतही नाहीत, नातं निव्वळ आवाजावर उभं. फॉस्टर स्वतः लहानपणापासून कॅमेऱ्यासमोर वाढलेली बाई, नियंत्रण कक्षातली ती लगबग तिला अचूक पकडता आलीय. खाणीची भानगड मी विसरून जाईन, तो कक्ष नाही विसरणार.

आकडेमोड:
पॅटी ठीकच. पण लीचं काय? सिनेमात सगळ्यात स्वस्तात सुटला तो हाच. शेअर त्याने सुचवला, आणि शेवटी इस्पितळात बसून पुढच्या कार्यक्रमाचं बोलणं!

प्रत्यक्षातला किस्सा आठवा. मार्च २००८, अमेरिकेतल्या एका गाजलेल्या बाजार-कार्यक्रमाचे सूत्रधार जिम क्रेमर यांना एका प्रेक्षकाने बेअर स्टर्न्स या गुंतवणूक बँकेबद्दल विचारलं. ते ओरडून म्हणाले, बेअर स्टर्न्सला काही झालेलं नाही, पैसे काढू नका. आठवड्याच्या आत ती बँक शेअरला २ डॉलर भावाने विकायला निघाली. वर्षभराने, मार्च २००९ मध्ये, टीव्हीवर बातम्यांची खिल्ली उडवणाऱ्या जॉन स्टुअर्टने त्यांना आपल्या कार्यक्रमात बोलावून सोललं. बॉम्बशिवाय. तिथे जे प्रश्न विचारले गेले ते या सिनेमात कोणी लीला विचारत नाही.

वकिलीण:
थोडं थांबा. क्रेमर यांचं स्पष्टीकरण असं होतं की प्रश्न त्या बँकेतल्या खात्यात ठेवलेल्या पैशांबद्दल होता, शेअरबद्दल नाही. आणि खात्यातले पैसे बुडाले नाहीत हेही खरं. लीने मात्र सरळ शेअरच घ्यायला सांगितला होता.

आणि ली अगदीच सुटत नाही. तो प्रसंग आठवतो का, जिथे तो प्रेक्षकांना गळ घालतो, आयबिसचा शेअर घ्या, भाव चढवा, माझा जीव वाचवा? भाव थोडा हलतो आणि मग आपटतो. वर्षानुवर्षं ज्यांना ‘घ्या’ म्हणून सांगितलं त्यांनी त्याच्या जिवाची बाजारभावाने किंमत केली. याहून वेगळी शिक्षा तुम्ही कोणती देणार?

खाणकरी:
सगळे न्यूयॉर्कमध्येच फिरताय. खाणीकडे कोणी बघेल का? दक्षिण आफ्रिकेत प्लॅटिनमच्या खाणीतला संप म्हटलं की मारिकाना आठवतं. १६ ऑगस्ट २०१२, पोलिसांनी ३४ संपकरी खाणकामगार गोळ्या घालून मारले. २०१४ मध्ये तिथल्या प्लॅटिनम पट्ट्यात पाच महिने संप चालला. सिनेमाला हे माहीत नसेल असं शक्य नाही. तरी या अख्ख्या भानगडीत कामगार म्हणजे काय, तर एक खाली-वर होणारा भाव. ८० कोटी डॉलर कुठे गेले हे विचारताना त्या बिळातून प्लॅटिनम कोण काढतं हे एकालाही विचारावंसं वाटलं नाही.

मुक्ता_वाचक:
उलट मला वाटलं की पूर्ण सिनेमात ज्यांचा भाव ठरवता आला नाही ते कामगारच. कँबीचा हिशोब चुकला तो अल्गोरिदमने नाही, त्यांनी संप मागे घेतला नाही म्हणून.

खाणकरी:
हो, पण ते पडद्याआड. आपल्याला दाखवला कँबीचा घामेजलेला चेहरा.

रांग_सातवी:
हे मात्र पटलं.

निवृत्त_कारकून:
मी बँकेत आयुष्य काढलं म्हणून जरा वेगळं सांगतो. खवट म्हणतात चोर सापडला की लोक निश्चिंत होतात. आपल्याकडचं पीएमसी बँकेचं प्रकरण घ्या. २३ सप्टेंबर २०१९ ला रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले, सुरुवातीला खात्यातून फक्त १,००० रुपये काढता येणार होते. मुख्य कर्जदार कोण ते जगजाहीर झालं, कर्ज लपवायला २१,०४९ बनावट खाती दाखवली होती हेही बाहेर आलं, अटका झाल्या. म्हणजे चोर सापडले, नावानिशी. ठेवीदारांचा प्रश्न सुटला? जानेवारी २०२२ मध्ये बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली, ५ लाखांपर्यंतचे पैसे विम्यातून मिळायचे, आणि त्यावरच्या मोठ्या ठेवींना टप्प्याटप्प्याने वर्षानुवर्षं थांबा. चोर सापडणं आणि पैसे सापडणं या दोन निराळ्या खिडक्या आहेत. एकीवर पावती मिळाली म्हणून दुसरीवर रोकड मिळत नाही.

आणि राग निघतो कोणावर? काउंटरवरच्या माणसावर. ज्याला सकाळी परिपत्रक मिळालेलं असतं त्याच्यावर. सिनेमात आयबिसची जनसंपर्काची बाई आहे, डायन लेस्टर. तीच ‘ग्लिच ग्लिच’ म्हणून पढवलेलं बोलत असते. मग तिलाच शंका येते आणि ती स्वतः खणायला लागते, मालकाचे पासपोर्टवरचे शिक्के शोधते. तिच्याबद्दल इथे कोणी चकार शब्द काढला नाही. मला तर सिनेमा तिचाच वाटला.

खवट:
डायन राहून गेली खरी, तुम्ही बरं काढलंत. पण काका, तुमचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. चोर सापडूनही लोक रांगेत उभे राहिले, ते सिनेमा दाखवत नाही. काइल मेला म्हणून त्याचा दावा संपला. बाकी हजारो गुंतवणूकदार कुठे आहेत? त्यांचे पैसे परत आले का? एक ओळही नाही.

वकिलीण:
आले नसणार. खाणीचे शेअर पडलेलेच होते. दंड झाला तर तो सरकारजमा.

निवृत्त_कारकून:
आणि जो काही उरला असेल त्यासाठी अर्ज तीन प्रतींत.

चहाटळ:
छायाप्रत साक्षांकित हवी. जाकीट बाहेर काढून ठेवावे.