गावच्या महायुद्धाच्या पाटीवर नुसते आकडे आहेत, नावं कशी शोधायची?

चावडीकर

नमस्कार मंडळी. आमच्या चावडीच्या भिंतीत संगमरवरी पाटी आहे. मजकूर इंग्रजीत: या गावातून ३८ जण १९१४ ते १९१९ च्या महायुद्धावर गेले, पैकी ६ जणांनी प्राण दिले. नाव एकाचंही नाही. तालुका वाळवा, जिल्हा सांगली. ग्रामपंचायतीला ही नावं शोधून शेजारी दुसरी पाटी लावायची आहे, आणि शोधाचं काम हायस्कूलच्या मुलांकडून करून घ्यायचं ठरतंय.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. नावं कुठे मिळतील? पाटीवर चुन्याचे शिंतोडे आणि कुणीतरी अक्षरांत भरलेला ऑइल पेंट आहे, तो काढावा का? आणि मुलांकडून हे काम भाषणबाजी न होता कसं करून घ्यायचं? दोन घरांत पदकं आहेत, तीही दाखवायला तयार आहेत.

रेकॉर्डवाला

नावांचं आधी सांगतो.

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर मृत सैनिकांची यादी आहे, शोध फुकट. पण तिथे नावाने सुरुवात करू नका. भारतीय शिपायांचं नाव कधी आडनावाच्या रकान्यात पूर्ण घातलंय, कधी नुसतं पहिलं नाव आहे. 'ॲडव्हान्स्ड सर्च'मध्ये 'अतिरिक्त माहिती'चा रकाना असतो, त्यात गावाचं नाव टाका, सैन्य भारतीय निवडा, युद्ध पहिलं निवडा. बऱ्याच नोंदींत 'अमक्याचा मुलगा, राहणार अमुक गाव, तालुका, जिल्हा, मुंबई इलाखा' असं लिहिलेलं असतं. तुम्हाला हवी ती हीच ओळ.

इथे बहुतेक जण अडकतात ते जिल्ह्यापाशी. सांगली जिल्हा तेव्हा नव्हता. वाळवा साताऱ्यात होता, १९४९ ला दक्षिण सातारा वेगळा झाला. म्हणून जिल्हा 'सातारा' टाका. (कोकणातले कुणी वाचत असतील तर: रायगड म्हणजे तेव्हाचा कुलाबा, आणि सिंधुदुर्ग १९८१ पर्यंत रत्नागिरीतच होता.) मग स्पेलिंग. कारकुनाने कानाला आलं तसं लिहिलंय. 'व' साठी व्ही आणि डब्ल्यू दोन्ही, 'आ' साठी एक ए किंवा दोन ए, 'अ' साठी ए किंवा यू, शेवटचा 'वाडी' जोडून आणि तोडून. गावाच्या नावाची आठ-दहा रूपं आधी कागदावर मांडा आणि एकेक टाकून बघा. तरीही हाती लागलं नाही तर फक्त तालुका टाका आणि येईल ती सगळी यादी उतरवून घेऊन डोळ्यांनी चाळा. कंटाळवाणं आहे, पण निम्मी नावं अशीच सापडतात.

आकडा जुळला नाही तर घाबरू नका. कमिशनची मुदत ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ अशी आहे, तुमची पाटी १९१९ ला थांबते. शिवाय पाटी गाव मोजते, नोंद वाडीच्या किंवा आजोळच्या नावाने असू शकते.

पलटणीबद्दल: घरात 'पाचवी मराठा' असं ऐकायला मिळेल. ते नाव १९२२ च्या फेररचनेनंतरचं. महायुद्धात १०३, १०५, ११०, ११४, ११६, ११७ अशा आकड्यांच्या मराठा पलटणी होत्या. त्यातल्या १०३, ११० आणि ११७ मेसोपोटेमियातल्या (म्हणजे आजच्या इराकमधल्या) कूत गावी तुर्कांच्या वेढ्यात सापडल्या. वेढा डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६, १४७ दिवस. या तीन पलटणींतल्या शिपायाच्या मृत्यूची तारीख त्यानंतरची असेल तर तो कैदेत गेला असण्याची शक्यता धरा, आणि अशा तारखा फार नेमक्या मानू नका. सगळे मराठा पलटणीतच होते असंही समजू नका. सॅपर्स (लष्कराचे बांधकामवाले), १११ वी महार पलटण, खेचरांच्या तुकड्या, जखमींना वाहणारे डोलीवाले, हमाल हे सगळे 'गेलेल्या' आकड्यात असू शकतात.

मेसोपोटेमियात गेलेल्यांची नोंद बहुधा बसरा स्मारकाखाली निघेल. तिथे ४०,००० हून जास्त जणांचं स्मरण आहे, पण साध्या भारतीय शिपायांची नावं भिंतीवर कोरलीच नाहीत. पलटणीखाली संख्या कोरली, नावं रजिस्टरात ठेवली. कमिशनने २०२१ च्या अहवालात ही विषमता मान्य केली. म्हणजे तुमच्या चावडीत जे झालं तेच बसऱ्यालाही. मुलांना हे जरूर दाखवा.

पदकं हातात घ्याल तेव्हा आधी कड बघा. ब्रिटिश वॉर मेडल आणि व्हिक्टरी मेडलच्या कडेवर क्रमांक, हुद्दा, नाव, पलटण कोरलेली असते. चांदणीच्या आकाराच्या पदकावर ती मागच्या बाजूला. वॉर मेडल चांदीऐवजी ब्राँझचं निघालं तर माणूस बहुधा लढाऊ शिपाई नव्हता, कामगार दलातला होता. आणि हातभर अंतरावरूनही ओळखू येईल अशी १२० मिलिमीटर व्यासाची ब्राँझची चकती असेल, तर ती मेलेल्याच्या वारसाला दिलेली. तिच्यावर नाव असतं, हुद्दा नसतो. काही घरांत ती देवघरात सापडते, काही घरांत तिच्यावर खलबत्ता ठेवलेला असतो. पदकाला पॉलिश, राख, चिंच काही लावू नका. कडेची अक्षरं उथळ असतात, घासून गेली की पुरावा गेला.

दगडफूल

पाटीबद्दल थोडक्यात. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. फरशी धुवायचं ॲसिड, लिंबू, व्हिनेगर यातलं काहीही लागलं की तो विरघळतो, चमक जाते आणि अक्षरांच्या कडा गोल होतात. तारेचा ब्रश, सँडपेपर, प्रेशरने पाणी बंद.

साधं पाणी, मऊ केसांचा ब्रश, बांबूची टोकदार काडी. दगड खालून वर भिजवत जा. वरून सुरू केलं तर मळकट ओघळ कोरड्या भागावर उतरतात आणि डाग बसतात. चुना भिजवून काडीने हळूच सोडवा, जो निघत नाही तो राहू द्या. ऑइल पेंटला हात लावू नका. थिनरने तो पातळ होऊन दगडाच्या छिद्रांत शिरतो आणि मग कायमचा बसतो. ते काम जाणकाराचं.

तसंही वाचायला साफ करावं लागतंच असं नाही. अंधार पडल्यावर टॉर्च पाटीला जवळजवळ चिकटवून बाजूने मारा आणि फोटो समोरून काढा. झिजलेल्या अक्षरांत सावली पडते. चारही बाजूंनी एकेक फोटो घ्या. अक्षरांत खडू किंवा पीठ भरण्याची जुनी सवय आहे, ती सोडा.

नववी_क

शाळेसाठी. अडतीस नावांच्या मागे लागू नका, सहा नावं घ्या. तीन-चार मुलांच्या गटाला एक नाव, पाच तासिका पुरतात. पहिल्या तासाला फक्त पाटी: मोजमाप, फोटो, मजकूर जसाच्या तसा उतरवणं. दुसऱ्या-तिसऱ्या तासाला गावाची स्पेलिंगं आणि संगणकावर शोध. मग घरी जाऊन कागद आणि पदकं. शेवटी नकाशा: मुंबई बंदर, बसरा, तिथून वर तैग्रिस नदी.

घरी जाताना गटाबरोबर मोठं माणूस हवंच. कागद घराबाहेर आणायचे नाहीत, दारातल्या उजेडात सपाट ठेवून फोटो काढायचा. लॅमिनेशन आणि सेलोटेप यांचं नावही काढू नये, चिकटपट्टीचा डिंक काही वर्षांत पिवळा पडून शाई खातो. वृद्धांना विचारायचे प्रश्न बारीक ठेवा. 'आजोबांचा पराक्रम सांगा' म्हटलं की ऐकीव पोवाडा येतो. 'पेन्शन कुणाच्या नावावर यायची, आणायला कोण जायचं, पत्र कोण वाचून दाखवायचं' असं विचारलं की माहिती येते. जंगी इनामाचा (लष्करी सेवेबद्दल मिळालेल्या इनामाचा) कागद निघाला तर सोनं, त्यात वारसाचं नाव असतं.

मुलं एक प्रश्न हमखास विचारतात: ते इंग्रजांसाठी का लढले? टाळू नका. शिपायाचा पगार तेव्हा महिना ११ रुपये होता, आणि कोरडवाहू गावात रोख पैसा दुसरीकडून फारसा येत नव्हता. भरतीचा दबावही होता. सगळ्यांना 'देशासाठी शहीद' या एका चौकटीत बसवलं की मुलांना खोटं जाणवतं. आमच्याकडे फलकावर 'महायुद्धात मरण पावले' इतकंच लिहायचा नियम आहे. रुक्ष वाटतो, पण बरोबर आहे.

चावडीकर

खूप उपयोगी. दोन गोष्टी राहिल्या. एकाच नावाचे दोन शिपाई निघाले तर ठरवायचं कसं? आणि सहापेक्षा जास्त नावं निघाली तर जुना आकडा दुरुस्त करायचा का?

रेकॉर्डवाला

दोन पुरावे जुळल्याशिवाय नाव दगडावर चढवू नका. गाव आणि वडिलांचं नाव, किंवा पदकाच्या कडेचा क्रमांक आणि पलटण दोन्ही. नुसत्या क्रमांकावर भरवसा नको, तेव्हाचे क्रमांक पलटणीपुरते असायचे, तोच क्रमांक दुसऱ्या पलटणीत दुसऱ्याचा असतो. बाप-लेकाचं नातं तपासायला तहसीलमधलं जुनं कोतवाल बुक (गावच्या जन्ममृत्यूची नोंदवही) बघा, जन्माच्या नोंदीत वडिलांचं नाव असतं. ती पानं मोडीत असतील तर वाचणारा आधी गाठा.

जुन्या पाटीला अजिबात हात लावू नका, आकडा चुकीचा असला तरी तोही पुरावाच. नवी पाटी वेगळी, डोक्यावर 'अमुक साली केलेल्या शोधात सापडलेली नावं'. प्रत्येक नाव देवनागरीत, खाली क्रमांक, पलटण, तारीख आणि कुठल्या स्मारकावर नोंद आहे ते. एकच पुरावा असलेली नावं वहीत ठेवा. आणि पाटी करणाऱ्याला खाली चार-पाच ओळींची जागा कोरी सोडायला सांगा.